करोडगिरीचा नाका

बीड जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील गावांत वयोवृद्ध माणसांशी बोलत बसले, की 'करोडगिरी' हा शब्द अजूनही कधीतरी कानी पडतो. वर्गात आम्ही तो फळ्यावर लिहिला, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, म्हणजे कोट्यधीश व्हायचं का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. निजामाच्या राज्यात सीमाशुल्क वसूल करणाऱ्या खात्याला करोडगिरी म्हणत. शब्दाचे मूळ मोगलाईत सापडते. अकबराने महसुलाच्या वसुलीसाठी जे अधिकारी नेमले, त्यांना 'करोडी' म्हणत, कारण एक कोटी दामांच्या वसुलीचा मुलूख त्यांच्याकडे सोपविलेला असे. आपला 'करोड' आणि फारसीचा '-गिरी' हा प्रत्यय, असा हा शब्द अर्धा घरचा आणि अर्धा बाहेरचा आहे. बाहेरून येणाऱ्या वस्तूंच्या वाटेवर तो पहारा देत उभा होता, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला गंमतीची वाटावी.

या शब्दाकडे आम्हांस पुन्हा वळावे लागले ते एका मोटारीमुळे. आम्ही दोघे गेली वीसेक वर्षे या जिल्ह्यात मराठी शिकवीत आहोत. आमचा एक माजी विद्यार्थी आखाती देशात नोकरी करतो. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. त्याचे लहानपणीचे निम्मे हिवाळे पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या फडांवर गेले. तिकडे त्याने एक जपानी बनावटीची, वाळवंटासाठी घडवलेली गाडी जुन्या बाजारातून विकत घेतली. ती आपल्या देशात कधी विकायला आलीच नाही. कायमचे परतायचे ठरल्यावर त्याचा फोन आला. "सर, ही गाडी आपल्याकडं आणता येईल का? अण्णांना त्यात बसवून धुळे-सोलापूर रस्त्यानं एकदा न्यायचंय." मराठीच्या मास्तरांना हा प्रश्न का विचारावा, असे वाटले खरे, पण कागदपत्र वाचून सांगेल असे त्याच्या ओळखीत दुसरे कोणी नसावे. आम्ही वाचू लागलो, आणि आयातीच्या नियमांतून मागे मागे जात करोडगिरीपर्यंत पोहोचलो. प्रस्तुत लेख त्या वाचनातून झाला आहे.

'आपल्या देशात न विकली जाणारी परदेशी गाडी' या शब्दप्रयोगात दोन गोष्टी आपण गृहीत धरतो. एक, देश म्हणजे काय हे ठरलेले आहे. दोन, परदेशीपण हा त्या गाडीच्या अंगचा गुण आहे. बीडसारख्या जिल्ह्याच्या इतिहासात ही दोन्ही गृहीतके टिकत नाहीत. गाडी जागेवरच राहते आणि सीमा तिच्याखालून सरकते, असे येथे प्रत्यक्ष घडलेले आहे.

१९४८ पूर्वी बीड हा हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. संस्थानाला स्वतःचे नाणे होते, ज्यास लोक 'हाली सिक्का' म्हणत. स्वतःचे टपाल होते, रेल्वे होती आणि स्वतःचे सीमाशुल्कही होते. इंग्रजांशी १८०२ साली झालेल्या व्यापारी तहात शेकडा पाच असा जकातीचा दर ठरला होता, आणि पुढे दीर्घकाळ सर्वसाधारण दर तोच राहिला. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. विलायतेतून निघालेली मोटार मुंबईच्या गोदीत उतरे, तेथे ब्रिटिश हिंदुस्थानचे सागरी शुल्क भरी, आणि नगर जिल्हा ओलांडून निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरी खात्यापुढे पुन्हा उभी राही. एकाच गाडीला दोनदा परदेशी ठरावे लागे. एवढेच नव्हे, तर नगरहून बीडला येणारी साधी वस्तूही कायद्याने 'बाहेरची'च होती. दोन्हीकडे मराठी बोलणारी माणसे, सोयरिकी एकमेकांत, देवही तेच. मध्ये मात्र नाका. आपल्या आजोबा-पणजोबांच्या दृष्टीने परदेश हा असा दहा-बारा कोसांवर होता.

त्या काळी मोटारीचा मालक कोण असू शके, हे सांगावयास नको. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागविलेली पिवळ्या रंगाची रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट आजही हैदराबादेत आहे. मागे उंचावर सिंहासनासारखे आसन असलेली ही गाडी सिद्ध होण्यापूर्वीच, १९११ मध्ये ते निवर्तले. पुढे ती समारंभांपुरती बाहेर निघे. तिचा सारा प्रवास काही शे मैलांपलीकडे गेला नाही. मालकी आणि वापर यांचा संबंध किती सैल असू शकतो, याचे इतके बोलके उदाहरण विरळा. सामान्य माणसाला मोटारीचा स्पर्श झाला तो निराळ्या वाटेने. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने रस्ते वाहतुकीचे खाते काढले आणि २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. त्यांतील स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या गाड्यांची आठवण हैदराबादकर अजून काढतात. बीड शहरात रेल्वे आली ती थेट २०२५ च्या सप्टेंबरात. त्यामुळे या जिल्ह्याने 'बाहेरचे जग' पाहिले ते रस्त्याने, बसच्या खिडकीतून. बस परदेशी होती, याचे वैषम्य कोणाला वाटल्याचे ऐकिवात नाही. ती वेळेवर येते की नाही, एवढाच प्रश्न होता.

येथे स्वदेशीच्या चळवळीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवीत परदेशी कापडाने भरलेली मोटार अडविताना बाबू गेनू हा गिरणी कामगार तिच्याखाली चिरडून हुतात्मा झाला. त्या वेळी भारतात मोटार घडत नव्हती. फार तर बाहेरून आलेले भाग येथे जोडले जात, तेही मुंबईच्या शिवडीस जनरल मोटर्सने १९२८ मध्ये काढलेल्या कारखान्यासारख्या मोजक्या ठिकाणी. अर्थात, ज्या वाहनाने बाबू गेनूचा प्राण घेतला, त्याचा जन्मही परदेशातलाच असणार. पण लढा कापडाशी होता, चाकांशी नव्हता. कापड येथे विणले जात होते, विणणाऱ्याचे पोट मारले जात होते. मोटारीच्या बाबतीत मारले जाईल असे पोट अजून तयारच झालेले नव्हते. परदेशी कोणाला म्हणायचे, हे वस्तूच्या जन्मस्थानावरून ठरत नाही. तिच्या येण्याने आपल्यातला कोण उपाशी राहतो, यावरून ठरते. स्वदेशीच्या विचारातले हे सूक्ष्म तारतम्य पुढे आपण हरवून बसलो, असे आम्हांस वाटते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि आमचा जिल्हा भारतात आला. ज्या कोणाच्या वाड्यात त्या दिवशी मोटार उभी होती, ती एका रात्रीत भारतातील मोटार झाली. असेच आणखी ठळकपणे गोव्यात घडले. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. तेव्हा पोर्तुगीज राजवटीने, लोहखनिजाच्या निर्यातीतून येणाऱ्या पैशाच्या बळावर, युरोप-जपानमधून माल मुबलक येऊ दिला. भारतात ज्या गाड्या डोळ्यांनी दिसणे कठीण, त्या गोव्याच्या रस्त्यांवर राजरोस धावत होत्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्या साऱ्या गाड्या आयात न होताच भारतात आल्या. मर्सिडीज गाड्या पुढे कित्येक वर्षे तेथे टॅक्सी म्हणून चालत होत्या. मुंबईत उद्योगपतीलाही जी सहजी मिळत नसे, ती पणजीत भाडे देऊन कोणालाही मिळे. त्यांनी सीमा ओलांडली नव्हती. सीमेनेच त्यांना ओलांडले होते.

ही सीमा दिल्लीत कशी आखली जात होती, तेही पाहिले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९४९ मध्ये, संपूर्ण तयार मोटारींच्या आयातीला बंदी झाली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरविले, की येथे केवळ भाग जोडणाऱ्यांना थारा नाही. जे टप्प्याटप्प्याने उत्पादन करतील तेच राहतील. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४ पर्यंत आपले कारखाने गुंडाळले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापिलेली प्रीमियर कंपनी राहिली. त्यानंतरच्या तीन दशकांत मध्यमवर्गीयाच्या डोळ्यांपुढे तीनच नावे होती: अॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. यांना आपण स्वदेशी म्हटले. वास्तविक पहिली इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड, दुसरी इटलीची, तिसरी पुन्हा इंग्रजांची हेराल्ड. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याने त्या आपल्याशा झाल्या. वाट पाहणे हाही आपलेपणाचा एक संस्कार असतो.

या धोरणाला नावे ठेवण्याची आज रीत आहे. तिच्यात आम्ही सरसकट सामील होणार नाही. परकीय चलनाची चणचण खरी होती. धान्य आणि यंत्रे आणायची, की मोटारी, असा प्रश्न असेल तर उत्तर कोणते द्यावे हे दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. परंतु बंदीच्या भिंतीला नेहमीच एक लहानसे दार असते, आणि त्या दाराची किल्ली कोणाकडे हा प्रश्न उरतोच. परदेशी वकिलातींनी वापरून टाकलेल्या गाड्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात. परदेशी नोकरी करून परतणाऱ्यांना अटींवर गाडी आणता येई. उरलेल्यांपुढे, १९४९ पूर्वी आलेली जुनी गाडी जगवीत राहणे, एवढाच मार्ग होता.

ही जगविण्याची कला आम्ही जवळून पाहिली आहे. आमच्या लहानपणी गावातल्या एका वाड्यात चौथ्या दशकातली एक अमेरिकन गाडी होती. मालक बोलायचे ते तिच्या घराण्याविषयी. पण ती चालायची ते बसस्थानकामागच्या एका मिस्त्रीचाचांमुळे. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला एखादा भाग, दुसऱ्याच कंपनीच्या ट्रकचा कार्ब्युरेटर, आणि जे कोठेच मिळत नाही ते लेथवर घडवलेले. चाचा म्हणत, "गाडी आ जाती, पुर्जा नई आता." परदेशी गाडीच्या मालकीचे सारे मर्म या वाक्यात आहे. जी वस्तू रीतसर विकली जात नाही, तिच्यामागे दुकान नसते, सुटे भाग नसतात, दुरुस्तीची पुस्तिका नसते, ती समजणारा माणूस नसतो. विकत घेणे हा एका दिवसाचा व्यवहार; पण राखणे हा रोजचा आहे. चाचांनी तीस वर्षे राखलेल्या त्या गाडीच्या कागदावर त्यांचे नाव कोठेच नव्हते. गाडी अखेर भंगारात गेली, तेव्हा त्यातले किती लोखंड अमेरिकेचे आणि किती आमच्या बसस्थानकामागचे, हे कोण सांगणार?

आता त्या लहानशा दाराकडे वळू. १० मार्च १९८५ रोजी मेलबर्नच्या मैदानावर भारताने पाकिस्तानला हरवून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, आणि मुंबईच्या रवी शास्त्रींना मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून ऑडी १०० ही गाडी मिळाली. सारा संघ त्या गाडीवर चढून मैदानाला फेरी मारीत होता. त्या वेळी ऑडी भारतात विकली जात नव्हती. ती कंपनी येथे रीतसर व्यवसाय करू लागली ती त्यानंतर सुमारे दोन दशकांनी. शास्त्रींची गाडी जहाजाने मुंबईस आली, सरकारने शुल्क माफ केले, आणि देशाने आनंद मानला. एका अर्थी ती सर्वांचीच गाडी होती. २०२२ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हाही लोकांना गहिवरून आले.

सचिन तेंडुलकरांच्या वाट्याला हे सरळ आले नाही. २००२ च्या एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांनी सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. त्याप्रीत्यर्थ फियाट कंपनीने त्यांना लाल रंगाची फेरारी ३६० मोडेना भेट दिली. मायकेल शूमाकरने सिल्व्हरस्टोन येथे ती त्यांच्या स्वाधीन केली. फेरारी तेव्हा भारतात विकली जात नव्हती. गाडीवरील सीमाशुल्क सुमारे १ कोटी १३ लाख रुपये होते. ते माफ व्हावे अशी विनंती झाली आणि २००३ मध्ये सरकारने ती मान्य केली. मग टीकेचे मोहोळ उठले. जिंकलेले बक्षीस आणि मिळालेली भेट या दोहोंतला भेद त्या चर्चेत कळीचा ठरला. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. अखेर शुल्क भरले ते भेट देणाऱ्या कंपनीने.

आम्ही त्या वेळी औरंगाबादेस मराठीचे एम. ए. करीत होतो. वसतिगृहात यावरून कडाक्याचे वाद झाले. आम्ही दोघेही सचिनच्या बाजूने. ज्याने देशाला इतके दिले, त्याच्याकडून देशाने दारात कर मागावा का, असा आमचा सवाल होता. मराठवाड्यावर तेव्हा दुष्काळाची छाया होती. गेवराईकडचा एक वर्गमित्र सगळे ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "सचिन मलाही तेवढाच आवडतो. पण आमच्या बापाला सोसायटीचं व्याज माफ करायचं म्हटलं, की नियम आडवा येतो. नियम वाकतो हे मला आज कळलं." आमच्याजवळ उत्तर नव्हते. आज इतक्या वर्षांनीही नाही.

इतके मात्र म्हणता येईल, की तेंडुलकरांनी काही गैर केले असे आम्हांस तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. अर्ज करणे हा नागरिकाचा हक्क आहे. मित्राचा आक्षेप व्यक्तीवर नव्हता, दारावर होता. निजामाच्या रोल्स रॉइसला त्याच्याच करोडगिरीने अडविले असते काय, हा प्रश्नच हास्यास्पद वाटतो. शास्त्रींना माफी मिळाली आणि ती आपल्या सर्वांची वाटली. सचिनला माफी मिळाली आणि देशात प्रथमच मोठ्या आवाजात 'का?' असे विचारले गेले. ज्या देशाने त्याच्यावर इतके प्रेम केले, त्यानेच त्याला हा प्रश्न विचारला, यात आम्हांस लोकशाहीच्या वयात आल्याची खूण दिसते. पुढे २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. त्याच वर्षी फेरारीची भारतात अधिकृत विक्री सुरू झाली. मोडेनाचे उत्पादन मात्र २००५ मध्येच थांबले होते. त्यामुळे ते मॉडेल भारतात रीतसर असे कधीच विकले गेले नाही.

भाषेच्या विद्यार्थ्यांना या साऱ्यात एक परिचित आकृती दिसेल. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. 'महापौर', 'दिनांक', 'चित्रपट' हे शब्द त्या नाक्यावरून आले आणि आपले झाले. पण मोटार, क्लच, ब्रेक, टायर, गिअर यांना कोणी रोखू शकले नाही, कारण ते पंडितांच्या हातून न येता मिस्त्रीच्या हातून आले. ज्याचे हात ती वस्तू राखतात, त्याच्या तोंडी जो शब्द बसतो, तो आपला. ही कसोटी शब्दांना लावावी, तशी वस्तूंनाही लावून पाहावी.

राहता राहिला आमचा विद्यार्थी. १ एप्रिल २००१ पासून मोटारींची आयात खुली झाली आहे, हे खरे. २०१८ पासून एखाद्या उत्पादकाला वर्षाला २,५०० पर्यंत वाहने येथील मान्यता-चाचणीविना आणण्याचीही मुभा मिळाली. पण हे उत्पादकांसाठी. वापरलेली गाडी आणणाऱ्यासाठी सर्वसाधारण नियम असे, की ती तीन वर्षांहून जुनी नसावी, सुकाणू उजवीकडे असावे, वेगमापक किलोमीटरचा असावा, दिव्यांचा झोत आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसा असावा. परतून येणाऱ्यांसाठी काही वेगळ्या तरतुदी आहेत. शुल्क मात्र त्यांनाही चुकत नाही, आणि ते गाडीच्या किमतीहून अधिक भरते. आम्ही त्याला हे सारे सांगितले. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "म्हणजे सर, गाडी मोठ्या माणसालाच आणता येते." आम्ही 'असे नाही' म्हणणार होतो, म्हटले नाही.

त्याने गाडी तिकडेच विकली. गेल्या दिवाळीत तो गावी आला, आणि भाड्याने घेतलेल्या, पुण्याकडे कोठेतरी बनलेल्या गाडीतून त्याने अण्णांना धुळे-सोलापूर रस्त्याने नेऊन आणले. ज्या रस्त्याने ते आयुष्यभर ट्रकच्या मागे, कोयते आणि भांड्यांच्या बोचक्यांवर बसून गेले, त्याच रस्त्याने. आम्ही त्यांना विचारले, "अण्णा, कशी होती गाडी?" ते म्हणाले, "खिडकी बंद केली की धूळ येत न्हाई."